आत पाहायचं, पण कोणत्या शब्दानं?

प्रश्न : निवडणुकीत आपटलेला पक्ष 'आत्मचिंतन' करतो, अग्रलेख त्याला 'आत्मपरीक्षण' करायला सांगतात, आणि मुलीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात 'अंतर्निरीक्षण' असा शब्द आहे. हे सगळं एकच का? आणि आपलं मन आपल्याला खरंच दिसतं का?

उत्तर : एक नव्हे. परीक्षण म्हटलं की परीक्षक आला, आणि परीक्षक आला की निकालही आला. आपलं कुठे चुकलं हे ठरवायला बसणं म्हणजे आत्मपरीक्षण. गंमत अशी, की हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याला उद्देशून वापरतो. 'जरा आत्मपरीक्षण करा' हे वाक्य सुनावण्यासाठीच असतं. पक्षाच्या बैठकीत मतं कुठे फुटली आणि बंडखोर कोणी उभा केला याचा खल होतो, त्याला कारणमीमांसा हा नेमका शब्द आहे.

आत्मचिंतनाचा तर पत्ताच बदलला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी ऐकायला, त्याचं मनन करायला आणि त्याचा ध्यास घ्यायला सांगतात. श्रवण, मनन, निदिध्यासन ही तिकडी तिथली. तिथला आत्मा म्हणजे आपल्या सवयी आणि चुका नव्हेत. आज आपण मात्र त्याच शब्दात वर्षभराचा हिशेब मांडतो.

अंतर्निरीक्षण हा शास्त्राचा शब्द, आणि त्याची कथा रंजक आहे. 1879 मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तिथे माणसाला लयमापकाचे ठोके ऐकवत आणि विचारत : आत्ता काय जाणवलं? सुखद की त्रासिक? पुढचा ठोका पडेपर्यंत ताण आला का, पडल्यावर सैल वाटलं का? 'का वाटलं' हे विचारायचं नाही. जाणवलं ते लगेच सांगायचं. त्यासाठी निरीक्षकांना तालीम दिली जाई. वुंट यांचे शिष्य टिचनर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ही पद्धत आणखी काटेकोर केली.

मग घोडं अडलं. वुर्झबर्गच्या संशोधकांना असे विचार आढळले, ज्यांच्याबरोबर मनात कुठलीच प्रतिमा उमटत नव्हती. टिचनर म्हणाले, नीट पाहा, प्रतिमा असणारच. आता खरं कोणाचं? एकाच्या मनात काय चाललंय हे दुसऱ्याला पाहता येत नाही, मग पंच कुठून आणायचा? 1913 मध्ये जॉन वॉटसन यांनी ही पद्धतच मोडीत काढायला सांगितलं : माणूस काय करतो तेवढंच तपासा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला 1977 च्या एका शोधनिबंधात सापडतं. निस्बेट आणि विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे लांब मोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि उत्तम कोणता ते विचारलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी सगळ्यात उजवीकडचा जोड सर्वाधिक लोकांना पसंत पडला. कारण विचारल्यावर जागेचं नाव कोणीच घेतलं नाही. जागेमुळे निवडलात का, असं थेट विचारलं तेव्हाही लोक नाहीच म्हणाले. यात कोणी खोटं बोलत नव्हतं. काय वाटतं ते आपल्याला बऱ्यापैकी कळतं. ते का वाटतं, याचं उत्तर मात्र आपण पुष्कळदा मागाहून जुळवतो आणि त्यालाच आत पाहिलं असं म्हणतो.

विपश्यना इथे शहाणी ठरते, असं मला वाटतं. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी नुसता श्वास पाहायचा, मग अंगावरच्या संवेदना. वही-पेन जवळ ठेवू देत नाहीत, कारणं शोधायला सांगत नाहीत. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, पाहत राहायचं.

घरगुती मराठीत यातलं काहीच न म्हणता काम भागतं. 'मनाला विचार', 'मन खातं', 'छातीवर हात ठेवून सांग'. मन जणू शेजारी बसलेलं दुसरंच कोणी. समर्थ रामदासांनी 205 मनाचे श्लोक लिहिले तेही मनालाच उद्देशून. रोजच्या बोलण्यात हेच वापरा, तत्सम शब्दांचं ओझं नको.

आणि एक सांगून ठेवतो. 'सिंहावलोकन' या यादीत घालू नका. सिंह चालता चालता मान वळवून मागे पाहतो, त्यावरून तो शब्द आला आहे. ते पाहणं मागे वळून असतं, आत नव्हे.