आजच्यापुरता भरवसा



रात्रीची जपमाळ झाली, मुले निजली, घर शांत झाले, की आपल्यापैकी अनेकांच्या मनातला हिशेब सुरू होतो. महिनाअखेरचा खर्च कसा भागवावा? डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीचा निकाल काय येईल? परगावी नोकरीला गेलेला मुलगा सुखरूप असेल ना? घटकाभरापूर्वीच आपण देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारलेली असते, आणि तरीही डोळ्याला डोळा लागत नाही. मग त्यात आणखी एका काळजीची भर पडते : ‘माझी श्रद्धाच उणी आहे की काय?’

या प्रश्नाचा आज आपण विचार करू. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे काय, आणि तो रोजच्या जगण्यात कसा ठेवावा?

रानातला धडा

निर्गम ग्रंथाचा सोळावा अध्याय काढून वाचा. मिसर देशातून सुटका होऊन इस्राएल लोकांना जेमतेम एक महिना झाला होता. समुद्र दुभंगलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पण सीनच्या रानात पोटात भूक पेटताच ते कुरकुर करू लागले. परमेश्वराने त्यांच्यावर रागाने शस्त्र उगारले नाही; त्याने त्यांना मान्ना दिला. मात्र त्याबरोबर एक नियमही घालून दिला. प्रत्येक माणसामागे एक ओमर इतकाच गोळा करायचा, आणि सकाळसाठी काहीही राखून ठेवायचे नाही. ज्यांनी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले व त्याला दुर्गंधी सुटली. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विश्रांतीचा होता.

देवाला त्यांना चाळीस वर्षांचे धान्य एकदम देता आले नसते काय? अवश्य आले असते. पण मग कोठारावर भरवसा बसला असता, दात्यावर नव्हे. रोज सकाळी तंबूबाहेर पडून जमिनीकडे वाकताना त्या लोकांना एक गोष्ट शिकायची होती : ज्याने काल दिले, तो आजही देणार आहे.

प्रभू येशूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेत हाच धडा आहे. तेथे आपण वर्षाची बेगमी मागत नाही, आजची भाकर मागतो. तेथील ‘भाकर’ शब्दाचे मूळ ग्रीक विशेषण नव्या करारात मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या दोनच ठिकाणी आढळते. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात लूकमध्ये त्याचा अर्थ ‘रोजची’ असा येतो, तर मत्तयमध्ये ‘सर्व पदार्थांपलीकडची’ असा येतो. ख्रिस्तसभेने हे दोन्ही अर्थ जपले आहेत. ताटातली भाकर आणि वेदीवरचे ख्रिस्तशरीर ही दोन्ही एकाच पित्याच्या हातून येतात, आणि दोन्ही आजच्यासाठी असतात.

भरवसा म्हणजे काय नव्हे?

पहिली गोष्ट, भरवसा म्हणजे आळस नव्हे. मान्ना आकाशातून आला, पण तो कोणाच्या तोंडात पडला नाही. पहाटे उठून वेचावा लागला. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ’ हेच सांगतो, की देव आपली योजना पूर्ण करताना माणसाचे सहकार्य घेतो. म्हणूनच आजाऱ्याने प्रार्थनाही करावी आणि औषधही घ्यावे. सिराकच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय या दोहोंची शिकवण एकत्रच देतो, आणि वैद्यालाही देवानेच निर्माण केले आहे असे सांगतो. त्याचप्रमाणे विम्याचा हप्ता भरणे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी चार पैसे बाजूला टाकणे हा अविश्वास नव्हे. सहाव्या दिवसाची दुप्पट शिदोरी देवानेच सांगितली होती!

दुसरी गोष्ट, भरवसा म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून पित्याची परीक्षा पाहण्यास प्रभू येशूने नकार दिला (मत्तय ४:५-७). ‘नऊ दिवसांचा नोव्हेना केला, आता माझे काम झालेच पाहिजे,’ असे म्हणताना आपण कळत नकळत त्याच शिखरावर उभे राहत नाही ना?

तिसरी गोष्ट, भरवसा म्हणजे मनात भीतीचा लवलेशही नसणे नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूचे मन व्याकूळ झाले होते. त्याने तीच प्रार्थना तीनदा केली. तरी त्या व्याकुळतेतच त्याने स्वतःला पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले. तेव्हा रात्री झोप न येणे हे पाप नव्हे. त्या जागेपणीही आपण कोणाकडे वळतो, हे महत्त्वाचे आहे.

छोट्या तेरेजाची साक्ष

फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेजाचे जीवन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. चार वर्षांची असताना तिची आई वारली. १८८८ साली, पंधराव्या वर्षी, ती कार्मेल मठात दाखल झाली. पुढच्याच वर्षी तिच्या लाडक्या वडिलांना मनोविकाराने ग्रासले आणि त्यांना कां शहरातील रुग्णालयात तीन वर्षांहून अधिक काळ राहावे लागले. मठाबाहेर पाऊल टाकून त्यांची सेवा करणे तिला शक्य नव्हते. घरातल्या कोणाचे मन आजारी पडले की कुटुंबाला काय सोसावे लागते, हे अनुभवलेल्या वाचकांना तिचे दुःख निराळे सांगायला नको.

१८९४ साली तिने एक गीत रचले. त्याचा विषयच मुळी ‘आजचा दिवस’ हा होता. पुढे १८९६ च्या पुण्य सप्ताहात तिच्या तोंडातून रक्त पडले. क्षयरोगाची ती खूण होती. त्याच ईस्टरच्या काळात तिच्या अंतःकरणात असा अंधार दाटला, की स्वर्गाचा विचारही तिला समाधान देईनासा झाला. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने देह ठेवला, तोपर्यंत तो अंधार पुरता सरला नाही. तरी तिने भरवसा सोडला नाही. भावना आटली, पण निश्चय टिकला.

ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात विसावले आहे, त्या संत फ्रान्सिस झेविअर यांच्याबरोबर १९२७ साली तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. एकाने समुद्र ओलांडले, दुसरीने मठाचा उंबरठाही नाही! १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ‘ख्रिस्तसभेची आचार्या’ हा मान दिला, आणि २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्यावर लिहिलेल्या उपदेशपत्राच्या शीर्षकातच ‘भरवसा’ हा तिचा शब्द घेतला.

दिवसाचे तीन क्षण

हा भरवसा एकदम येत नाही. मान्न्यासारखा तो रोज वेचावा लागतो. त्यासाठी दिवसाचे तीन क्षण राखून ठेवा.

सकाळी उठताच दिवसाचे अर्पण करा. आजची कामे, आजचे कष्ट, आज भेटणारी माणसे देवाच्या हाती द्या. शक्य असेल तेव्हा मिस्साबलिदानात भाग घ्या, आणि भाकर व द्राक्षारस अर्पण होत असताना आपली काळजीही नाव घेऊन वेदीवर ठेवा.

दुपारी, काळजी डोके वर काढील तेव्हा, स्वतःला एकच प्रश्न विचारा : ‘यात आज मला करण्याजोगे काय आहे?’ जे असेल ते करा. मग ते पत्र लिहिणे असेल, डॉक्टरांना भेटणे असेल, कोणाची क्षमा मागणे असेल. उरलेले पित्याचे काम आहे.

रात्री आत्मपरीक्षण करताना केवळ चुका मोजू नका. आज मिळालेला मान्नाही मोजा. आणि क्रुसावर प्रभूने जसा आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला, तसा उद्याचा दिवस त्याच्या हाती सोपवून डोळे मिटा. झोप लगेच येईलच असे नाही. पण आपण जागे असलो तरी एकटे नसतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. मी उद्यासाठी ‘राखून ठेवलेली’ कोणती काळजी आज कुजते आहे?
२. माझी प्रार्थना भरवशाची आहे की सौद्याची?
३. आज माझ्या हातून कोणाच्या ताटात त्याची ‘आजची भाकर’ पडावी, अशी देवाची इच्छा असेल?