आजी खुर्चीतून उठते तेव्हा
आजी खुर्चीतून उठताना हातांनी रेटा का देते? आकडेमोड करून पाहा. आजीचे वस्तुमान 50 किलोग्रॅम आणि तिचा गुरुत्वमध्य 30 सेंटिमीटर वर गेला असे धरा. कार्य झाले 50 × 9.8 × 0.3, म्हणजे 147 ज्यूल. अगदीच किरकोळ! पण ते एका सेकंदात उरकायचे तर 147 वॉट शक्ती हवी, आणि उतारवयात जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतूच अधिक रोडावतात.

ही झीज भरून निघते का? 1990 साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील प्रयोगात नव्वदीच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली. बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. मांडीचे स्नायू 9 टक्क्यांनी. (त्या वयात स्नायू वाढावेत, हेच नवल!) व्यायाम सोडल्यावर मात्र चार आठवड्यांतच 32 टक्के बळ ओसरले.