साइडबोर्ड आणि आमच्या अरण्यांतील सागवान

जुन्या बंगल्याच्या किंवा वनविभागाच्या विश्रामगृहाच्या भोजनगृहांत भिंतीला लागून ठेवलेलें, कंबरेइतकें उंच व लांबट असें एक लांकडी कपाट आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. वर फुलदाणी, आंत काचेचीं व चिनी मातीचीं भांडीं, आणि खणांत काटे-चमचे, असा त्याचा थाट असतो. त्यास साइडबोर्ड म्हणतात. मराठींत त्याला स्वतंत्र नांव रूढ झालें नाहीं, याचें कारण आमची भोजनपद्धति होय. आमच्या घरीं पंगत पाटांवर बसे, वाढणारा भांडें हातांत घेऊनच फिरे, आणि भांडीं मांडणीवर, फडताळांत किंवा कोनाड्यांत राहात. जेथें जेवणारा खुर्चीवर बसतो आणि चाकर मागें उभा राहतो, तेथेंच वाढपाची तयारी मांडून ठेवण्यास मेजाच्या बाजूला दुसरी जागा लागते. साइडबोर्ड ही ती जागा.

त्याचे पूर्वज मध्ययुगीन यूरोपांत सांपडतात. तेव्हां ती एक साधी फळी असे व तिच्यावर यजमानाचे रुप्याचे पेले मांडीत. पेल्याला कप व फळीला बोर्ड म्हणत. कबर्ड हा शब्द तेथूनच निघाला. बर्गंडीच्या दरबारांत अशा मांडणीला पायऱ्या किती असाव्या हें मानावर ठरत असे. इटलींत तिला क्रेडेंझा म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ विश्वास असा आहे, आणि धन्याच्या ताटांत विष नाहीं अशी खात्री करून घेण्यासाठीं तेथें अन्न आधीं चाखून पाहात, असें त्याचें कारण सांगतात.

आज आपण ज्यास साइडबोर्ड म्हणतों तो मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील इंग्लंडचा आहे. तोंपर्यंत तें केवळ एक लांब मेज असे. त्यास खणसुद्धां नसत. रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्प्यानें इ. स. १७६० नंतर धनिकांच्या भोजनगृहांसाठीं या मेजाच्या दोहों बाजूंस दोन चौथरे उभे केले व त्यांवर कलश ठेविले. कलश शोभेचे दिसत. परंतु एकांत पिण्याचें थंड पाणी व दुसऱ्यांत चमचे धुण्याचें पाणी असे, आणि चौथऱ्याच्या पोटांत थाळ्या ऊन ठेवण्याची सोय केलेली असे. स्वयंपाकघर लांब आणि हिवाळा कडक. मग ही तजवीज नको काय?

पुढें मेज, चौथरे व खण यांची एकच वस्तु झाली. थॉमस शिअररचे असे नमुने १७८८ मध्यें लंडनच्या सुतारांच्या दरपुस्तकांत छापले गेले. त्याच वर्षीं जॉर्ज हेपलव्हाइटचा नमुनासंग्रह त्याच्या पश्चात् पत्नीनें प्रसिद्ध केला, आणि १७९१ पासून थॉमस शेरेटनचें चित्रपुस्तक निघूं लागलें. यांच्या पद्धति ओळखण्याची एक स्थूल खूण आहे. चौकोनी व खालीं निमुळते होत गेलेले पाय आणि आंत वळलेले कोपरे दिसले, तर हेपलव्हाइटची छाया समजावी. चरकावर काढलेले, उभ्या पन्हळी असलेले गोल पाय आणि बाहेर फुगलेले कोपरे दिसले, तर शेरेटनची. मागल्या कडेस पितळेची दांडी असे. एक खोल खण शिशाच्या पत्र्यानें मढवून त्यांत बाटल्या ठेवीत. माझ्या मतें साइडबोर्डाचें रूप यापेक्षां सुंदर पुन्हां कधीं झालें नाहीं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळीं तें जड झालें. मागें मोठा आरसा आला, कडेला स्तंभ आले, आणि फळें, शिकारीचीं जनावरें व इतिहासांतील प्रसंग यांचें कोरीव काम इतकें वाढलें कीं ताट ठेवण्यास जागा उरेना. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत वॉरिकच्या कुक्स या कारागिरांनीं ओक वृक्षाचा ‘केनिलवर्थ बफे’ मांडला. एलिझाबेथ राणीनें १५७५ सालीं केनिलवर्थच्या किल्ल्यास दिलेली भेट त्यावर कोरलेली आहे. तो आज वॉरिकच्या किल्ल्यांत आहे. कौतुक करावें असेंच तें काम. पण धूळ पुसणाऱ्या नोकराला काय वाटत असेल तें वेगळें! या बोजडपणास विटून ई. डब्ल्यू. गॉडविन यानें १८६७ च्या सुमारास जपानी धर्तीचा, सरळ रेषांचा काळा साइडबोर्ड रचला.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. विलायती साइडबोर्ड वेस्ट इंडीज बेटांकडून आलेल्या महोगनीचा असे, आणि पुष्कळदां वर सुंदर लांकडाचा पातळ पापुद्रा सरसानें चिकटविलेला असे. आमच्या पावसाळ्यांत सरस सुटे, पापुद्रे फुगत, आणि साध्या लांकडाला वाळवी लागे. म्हणून येथील सुतारांनीं तीच आकृति भरीव लांकडांत उतरविली. मुंबईंत मेडोज स्ट्रीटवरील कारखाने एकोणिसाव्या शतकांत काळ्या शिसवीचें दाट कोरीव काम करीत व त्यांत साइडबोर्डही असत. परंतु बंगले व विश्रामगृहें यांना हवा होता साधा, मजबूत माल. त्यासाठीं सागवानासारखें लांकूड नाहीं. त्यांत नैसर्गिक तेल असतें, वाळवी त्याला सहसा शिवत नाहीं, आणि ऋतु पालटला तरी तें फारसें फुगत वा आकसत नाहीं.

येथें आपल्या जिल्ह्यांचा संबंध येतो. लांकडाच्या बाजारांत आजही ‘सीपी टीक’ हा शब्द चालतो. सीपी म्हणजे जुना मध्यप्रांत, ज्यांत आपला चांदा जिल्हा होता. गडचिरोली त्यांतून १९८२ सालीं वेगळी झाली. आलापल्लीचें जंगल व बल्लारपूरचें लांकूड-आगार हीं नांवें सागवानाच्या व्यापाऱ्यांस चांगलीं ठाऊक आहेत. १९२९ मध्यें बल्लारशाह ते काझीपेठ हा लोहमार्ग जोडला गेला आणि मद्रास व दिल्ली या दोन्ही दिशा येथून खुल्या झाल्या. २०२३ च्या मार्चमध्यें अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं याच भागांतून सागवान गेलें. आलापल्लीजवळील जुन्या वृक्षांचा सहा हेक्टरांचा राखलेला तुकडा २०१४ मध्यें जैवविविधता वारसास्थळ ठरला. एक सागवृक्ष केवढा होऊं शकतो तें तेथें जाऊन पाहावें. रुंद फळ्या देण्याजोगें खोड होण्यास सुमारें ६० ते ८० वर्षें लागतात. म्हणजे १९०० सालीं घडविलेल्या साइडबोर्डाचें झाड बहुधा भोसल्यांच्या राज्यांत रुजलेलें असावें.

तें झाड पाडणारा माडिया किंवा गोंड माणूस साइडबोर्डापाशीं कधीं जेवला नाहीं, हेंही लिहून ठेवलें पाहिजे. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलें ठरलीं आणि ज्या वनांत तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तेथील सागावरचा त्याचा अधिकार आकसला. अशाच बंधनांविरुद्ध १९३० सालीं बापूजी अणे यांनीं पुसद येथें जंगल-सत्याग्रह केला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्यें.

साइडबोर्डावरील झळाळीही अरण्यांतूनच आलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत रूढ झालेलें फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली लाख. ती लाख पळस, कुसुम अशा झाडांवरील किड्यापासून मिळते, आणि तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानांतून होत असे.

आपल्या घरीं किंवा शेजारीं असें कपाट असेल तर तें जुनें आहे कीं नाहीं हें पाहण्यास खण पूर्ण बाहेर काढावा. कोपऱ्यांतले सांधे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे व थोडे असमान असतील, तर ते हातानें कापलेले आहेत. फळीच्या पाठीवर करवतीच्या सरळ खुणा हाताच्या, तर वर्तुळाकार खुणा यंत्राच्या. स्क्रूचें टोंक बोथट असेल, तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचा असण्याचा संभव आहे. शंभर वर्षें उलटलेल्या वस्तूस सामान्यतः प्राचीन म्हणतात. त्याहून अलीकडचा मालही तुच्छ नाहीं: १९५० नंतर डेन्मार्कच्या कारागिरांनीं आग्नेय आशियांतील सागवानाचे बुटके, नक्षीविरहित साइडबोर्ड केले, आणि आज त्यांना जगभर गिऱ्हाईक आहे.

अशा कपाटावर तैलरंग फांसूं नये, आणि भुश्याच्या दाबीव फळ्यांचें नवें कपाट घेण्यासाठीं तें भंगाराच्या भावानें देऊं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसावें, सैल सांधा सुताराकडून सरसानें बसवून घ्यावा. खण काढलाच आहे तर त्याचा तळ उलटून पाहावा. माप घेतांना सुतारानें पेन्सिलीनें घातलेले आकडे कित्येकदां तेथें अजून वाचतां येतात.