संदिग्ध ओळींची जुळणी
शंका : दोन प्रती ताडताना एकच ओळ अनेक स्थळी आढळल्यास कोणती ओळ कोणाची जोड मानावी?

समाधान : १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ‘डिफ’ हे संगणकीय साधन दोन्ही प्रतींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची दीर्घतम मालिका शोधते. परंतु रिकाम्या ओळी वारंवार येत असल्याने तितक्याच लांबीच्या अनेक मालिका संभवतात. तेव्हा निवडलेली जुळणी गणिताने शुद्ध, पण अर्थाने विपरीत ठरू शकते. म्हणून ब्रॅम कोहेन यांच्या ‘पेशन्स’ पद्धतीत दोन्हीकडे एकेकदाच येणाऱ्या ओळी प्रथम जोडून मधल्यांचा निर्णय करतात.

विलीनीकरणात एकाच स्थळी दोन भिन्न बदल आढळल्यास साधन दोन्ही पाठ खुणेसह पुढे ठेवते. मात्र जुळणीच चुकली, तर खुणेविनाही अनर्थ घडतो. यास्तव विलीन प्रत सुज्ञांनी स्वतः वाचूनच स्वीकारावी.