घटक ७ : रोजनिशी आणि आठवण – परदेशातील तरुण मॉर्मन मिशनऱ्याचे जीवन

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा परिचय करून घेतला. आत्मचरित्रकार मागे वळून पाहतो, घडलेल्या गोष्टींतून काही निवडतो, काही गाळतो आणि उरलेल्यांची संगती लावतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला ही सोय नसते. आजची नोंद करताना उद्या काय वाढून ठेवले आहे, हे त्याला माहीत नसते. हा फरक व्याख्येत एका ओळीत सांगता येतो. पण खरा उमगतो तो एकाच माणसाने दोन वेळी केलेले लेखन शेजारी ठेवून वाचल्यावर.

त्यासाठी या घटकात एक दूरचे उदाहरण घेतले आहे. आपल्या परिचयाच्या संतांची किंवा समाजसुधारकांची चरित्रे वाचताना आदरभाव अनेकदा चिकित्सेच्या आड येतो. अपरिचित पंथातील एखाद्या कोवळ्या मुलाकडे पाहताना ती अडचण येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका ख्रिस्ती पंथाची स्थापना केली. त्याचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लेटर-डे सेंट्स’ असे असून बायबलबरोबरच ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ ते पवित्र मानतात. त्यावरूनच ‘मॉर्मन’ हे नाव रूढ झाले. या पंथातील हजारो तरुण ऐन उमेदीची दीड-दोन वर्षे धर्मप्रसारासाठी घरापासून दूर घालवतात. त्यांचा दिवस कसा जातो आणि त्या दिवसात श्रद्धा नेमकी कोठे दिसते, हे आपल्याला पाहायचे आहे.

७.२ नियमांनी बांधलेला दिवस

मिशनवर कोठे जायचे हे उमेदवार ठरवत नाही. तो अर्ज करतो आणि चर्चकडून नेमणुकीचे पत्र येते. ब्राझील, तैवान, घाना किंवा अमेरिकेतीलच एखादे गाव, काहीही वाट्याला येऊ शकते. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय १८ आणि मुलींसाठी १९ करण्यात आले. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. या कामाला वेतन नाही. उलट दरमहाच्या खर्चाचा वाटा तो स्वतः किंवा त्याचे कुटुंबीय उचलतात, आणि त्यासाठी अनेक मुले शाळेत असल्यापासून पैसे साठवतात. निघण्यापूर्वी प्रशिक्षण होते. परभाषेच्या प्रदेशात जाणाऱ्यांना काही आठवडे त्या भाषेचे धडे दिले जातात. युटा राज्यातील प्रोव्हो येथील केंद्र यासाठी प्रसिद्ध आहे.

सर्वसाधारण दिनक्रम असा : सकाळी साडेसहाला उठणे, प्रार्थना, व्यायाम, न्याहारी, नंतर धर्मग्रंथाचे वाचन, आधी एकट्याने, मग सोबत्याबरोबर, त्यानंतर भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे. दारोदार जाणे, रस्त्यावर लोकांशी बोलणे, कोणी बोलावले असल्यास त्याच्या घरी जाऊन शिकवणे, कोणाला घर हलवायला मदत करणे. रात्री नऊच्या सुमारास परत, दुसऱ्या दिवसाची आखणी आणि साडेदहाला दिवे बंद. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी राखलेला असतो. या काळात प्रेमप्रकरण नाही, करमणुकीसाठी दूरदर्शन नाही. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू तर पंथालाच वर्ज्य. ज्या देशात पाहुण्याला चहा देणे हाच स्वागताचा पहिला शब्द असतो, तेथे यजमानाला न दुखवता ‘चहा नको’ म्हणणे हे या मुलाचे पहिले अवघड वाक्य ठरत असेल.

दिनक्रम वाचून एखाद्याला वाटेल की हे जीवन यांत्रिक आहे. घाईने असा निष्कर्ष काढू नये. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून पहाटे ही पुस्तिका उघडता. रोज अभ्यासाची आवड दाटून येते म्हणून तुम्ही उठत नाही. वेळ ठरली आहे म्हणून उठता, आणि आवड कधी नंतर येते, कधी येतही नाही. मिशनऱ्याच्या बाबतीत हेच श्रद्धेला लागू पडते. दिवसभरात वीस दारे बंद झाल्यावर एकविसावे दार वाजवताना त्याच्या मनात भक्तीचा उमाळा असेलच असे नाही. त्या क्षणी त्याला सावरणारे असते ते वेळापत्रक आणि शेजारी उभा असलेला सोबती.

सोबत्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. मिशनरी नेहमी जोडीने राहतात. जोडीदार वरिष्ठ ठरवतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बदलतात. स्नानगृह सोडले तर बहुतेक वेळ दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहावे, असा दंडक आहे. त्यात सुरक्षितता आहे, तशी देखरेखही आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला अनोळखी देशात एकटेपणा जाणवतो. पण एकांत मिळत नाही. अशा वेळी वहीचे पान हीच एक खाजगी जागा उरते. मिशनऱ्यांमध्ये रोजनिशी लिहिण्याची परंपरा इतकी बळकट का, याचे एक उत्तर येथे सापडते. (पंथाची शिकवणही नोंदी ठेवायला सांगते, हे दुसरे.)

घरी जाणारे पत्र ही मात्र वेगळी गोष्ट. २०१९ च्या आरंभापर्यंत घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची मुभा वर्षातून जेमतेम दोनदा, नाताळ आणि मातृदिन या सुमारास असे. त्यानंतर दर आठवड्याला बोलता येऊ लागले. तोवर आई-वडिलांचा सारा भरवसा आठवड्याच्या पत्रावर, पुढे ई-मेलवर होता. आई वाचणार आहे हे ठाऊक असताना मुलगा काय लिहितो आणि काय लिहीत नाही, याचा विचार करा. पत्र त्याच दिवशी लिहिलेले असूनही त्यात निवड झालेली असते. या दृष्टीने ते रोजनिशी आणि आत्मचरित्र यांच्या मधोमध उभे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुम्ही घरापासून दूर असताना पाठवलेले एखादे पत्र किंवा संदेश आठवा. त्या दिवशीची कोणती गोष्ट तुम्ही त्यात लिहिली नव्हती?

७.३ जॉर्ज कॅनन : भाषा आणि आंबलेली खळ

आता दीडशेहून अधिक वर्षे मागे जाऊ. १२ डिसेंबर १८५० रोजी दहा मॉर्मन मिशनरी हवाई बेटांवरील होनोलुलू बंदरात उतरले. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींवरून आलेल्या या मंडळींची अपेक्षा अशी, की तेथील गोऱ्या लोकांना उपदेश करायचा. पण गोरे मोजके होते आणि त्यांना ऐकण्यात रस नव्हता. तेव्हा प्रश्न उभा राहिला : परत जायचे, की हवाईयन भाषा शिकून स्थानिकांमध्ये काम करायचे? दहांपैकी पाच जण काही काळातच परतले. राहिलेल्यांत तेवीस वर्षांचा जॉर्ज कॅनन होता. तो माउई बेटावर गेला आणि दिवसरात्र स्थानिकांमध्ये राहून भाषा शिकू लागला.

या काळाविषयी कॅनन यांनी ‘माय फर्स्ट मिशन’ हे पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रसंग अन्नाचा आहे. हवाईयन लोकांचे मुख्य अन्न म्हणजे पोई. टारो, म्हणजे आपल्याकडील अळू, त्याचे कंद शिजवून, कुटून, पाणी घालून ती करतात आणि ती आंबते. कॅनन यांना पहिल्यांदा तिचा वास आला तो बुकबाइंडरच्या डब्यातील जुन्या आंबलेल्या खळीसारखा, आणि घशाखाली घास उतरेना. पुढे यजमानांवर आपल्यासाठी वेगळे काही शिजवण्याचा भार पडू नये म्हणून त्यांनी पोई गोड लागावी अशी प्रार्थना केली, आणि ती गोड लागू लागली, असे ते सांगतात. कॅनन मूळचे छापखान्यातले कामगार. दुसऱ्या कोणाला हा वास कशाचाही वाटला असता. खळीचा डबा छपाईवाल्यालाच आठवणार. असा तपशील दिसला की लेखकाच्या खऱ्या अनुभवाला हात लागला, असे समजायला हरकत नाही.

भाषेचा प्रसंग याहून वेगळा आहे. एका संध्याकाळी स्थानिकांचे बोलणे ऐकत बसले असताना कानांत काही विलक्षण संवेदना झाली आणि ती भाषा समजण्याची देणगी आपल्याला मिळाली अशी खात्री पटली, असे कॅनन लिहितात. श्रद्धावंत वाचक याला कृपा म्हणेल. भाषेचा अभ्यासक म्हणेल की अनेक आठवड्यांच्या श्रवणानंतर ध्वनींची सरमिसळ अचानक शब्दांत सुटी होते, आणि तो क्षण शिकणाऱ्याला चमत्कारासारखाच भासतो. आमच्या मते दोन्ही वाचने एकमेकांना खोडत नाहीत. अभ्यासकाने लक्षात ठेवायचे ते हे, की हे पुस्तक १८७९ मध्ये, जवळजवळ तीन दशकांनी, ‘फेथ प्रमोटिंग सिरीज’ या मालेचा पहिला भाग म्हणून तरुण वाचकांसाठी प्रसिद्ध झाले. श्रद्धा वाढवणे हा मालेचा हेतू तिच्या नावातच आहे. लाहाइनालुना येथे शिकलेले न्यायाधीश जोनाथन नापेला यांच्या साहाय्याने कॅनन यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’चे हवाईयन भाषांतर केले; ते १८५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे छापले गेले. भाषा एका संध्याकाळी समजू लागली असेल. भाषांतराला मात्र नापेलांसारखा जाणकार आणि दीर्घ परिश्रम लागले.

७.४ पंधरा वर्षांचा इओसेपा

जोसेफ एफ. स्मिथ हा पंथसंस्थापकाचा पुतण्या. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने संस्थापकाची आणि त्याचे बंधू हायरम यांची हत्या केली, तेव्हा हायरम यांचा हा मुलगा पाच वर्षांचा होता. १८५२ मध्ये आई गेली. १८५४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला हवाईला पाठवण्याचे ठरले. कॅलिफोर्नियात मजुरी करून त्याने जहाजाच्या भाड्याचे पैसे जमवले आणि सप्टेंबरअखेर तो होनोलुलूला पोहोचला. माउईवरील कुला या भागात त्याला नेमण्यात आले. हवाईयन लोक त्याला ‘इओसेपा’ म्हणू लागले; जोसेफ या नावाचे ते त्यांच्या उच्चारातील रूप.

कुलामध्ये तो तापाने दीर्घकाळ अंथरुणाला खिळला. महुही नावाच्या हवाईयन स्त्रीने आपल्या मुलासारखी त्याची शुश्रूषा केली. शंभरएक दिवसांत तो त्या भाषेत बोलू लागला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्यात या घराचा वाटा मोठा असावा. आजारी मुलाला पाणी, ऊब, वेदना यांचे शब्द आधी लागतात. धर्मोपदेशाचे नंतर.

याच मिशनमधले एक स्वप्न त्यांनी उतारवयात सांगितले. अंगावर धड कपडे नाहीत, चटईवर झोपणे, गोऱ्या माणसाच्या नजरेला नजर देण्याचाही धीर नाही, अशा अवस्थेत ते पडले. स्वप्नात ते घाईने कोठे तरी निघाले आहेत. वाटेत स्नानगृह लागते, ते स्वच्छ आंघोळ करतात, आपल्या बोचक्यातले पांढरे कपडे घालतात. दार उघडणारे काका उशीर झाला म्हणून टोकतात. मुलगा उत्तर देतो, उशीर झाला, पण मी स्वच्छ आहे. आत दिवंगत आप्त भेटतात. जाग आल्यावर आपण मूल राहिलो नाही, असे त्यांना वाटले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्यांच्या मिशनच्या सुरुवातीच्या वह्या एका आगीत जळाल्या. आज उपलब्ध आहेत त्या १८५६ आणि १८५७ मधील. या वह्यांत काय आहे? प्रवास, पाऊस, वाचन, पत्रांची वाट पाहणे, घरची ओढ, सहकाऱ्यांवरील चिडचिड, आणि स्थानिक लोकांविषयी कठोर, कधी अन्यायकारक शेरे. कुलाचा ताप आणि महुहीची माया जळालेल्या वह्यांच्या काळातली. ती आपल्याला कळते आठवणींतून. कित्येक दशकांनी, चर्चचे अध्यक्ष झालेले स्मिथ पुन्हा हवाईला गेले, तेव्हा स्वागताच्या गर्दीत एक वृद्ध अंध स्त्री निवडक केळी घेऊन ‘इओसेपा’ अशी हाक मारत आली आणि ते धावत जाऊन ‘मामा’ म्हणत तिच्या गळ्यात पडले, हे त्यांच्या एका सहप्रवाशाने नोंदवले आहे.

यातले खरे कोणते? सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे कडवट शेरे, की म्हाताऱ्या माणसाचे अश्रू? विद्यार्थी अनेकदा रोजनिशीला सत्य आणि आठवणीला सजावट ठरवून मोकळे होतात. परंतु रोजनिशी थकलेल्या संध्याकाळी लिहिलेली असते; दिवसभराचा राग वहीत उतरतो, आणि ज्या घरात जेवून आपण निजलो त्या घराची कृतज्ञता नोंदवायची राहून जाते. आठवण उलट करते. ती शेरे विसरते आणि घर जपते. श्रद्धेच्या बाबतीतही हेच घडते. वहीतली श्रद्धा डळमळते, हट्टाने पुढे जाते. आठवणीतली श्रद्धा शेवट माहीत असल्याने शांत असते. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत.

७.५ पुण्यातील एक धागा

हा विषय आपल्या प्रदेशाला अगदीच परका नाही. ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आले आणि पुण्यात राहिले. त्यांचे श्रोते मुख्यतः ब्रिटिश सैनिक. लष्करी हद्दीत प्रचाराला अडथळे आले, तेव्हा ते मराठी शिकू लागले आणि मराठी लोकांना उद्देशून त्यांनी एक पुस्तिकाही काढली. १८५५ मध्ये ते परतले. येथे पंथ रुजला नाही. याच काळात, १८५४ मध्ये, बाबा पदमनजी यांनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला होता. तो प्रॉटेस्टंट मिशनशी संबंधित, अगदी वेगळा प्रवाह. पण त्यांनीही आपली कहाणी ‘अरुणोदय’मध्ये लिहिली ती सुमारे तीन दशकांनी. ते आत्मचरित्र वाचताना या घटकातील प्रश्न हाताशी ठेवा.

७.६ स्वाध्याय

सलग सात दिवस, झोपण्यापूर्वी, दहा ओळींची रोजनिशी लिहा. ती कोणाला दाखवायची नाही. वही बंद करून ठेवा आणि महिन्याभराने, ती न उघडता, त्याच आठवड्याविषयी एक पान आठवणीने लिहा. मग दोन्ही लेखने शेजारी ठेवून ज्या माणसांचा उल्लेख एका लेखनात आहे आणि दुसऱ्यात नाही, त्यांची नावे काढा. संपर्कसत्राला येताना वही आणण्याची गरज नाही. तेवढी नावे आणा.