हात जागेवरच, मग सरळ कोण झालं?

प्रश्न : फिजिओथेरपिस्टने डोळे मिटायला सांगून कोपराच्या आतल्या बाजूला कंप देणारं यंत्र धरलं. हात पट्ट्याने बांधलेला होता, तरी तो सरळ होतोय असं वाटलं. माझ्या नसांत काही बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही, धडधाकट माणसालाही असा भास होतो. हात वाकवून कोपराच्या खळगीत बोट लावा. ताठ दोरीसारखं लागतं ती बायसेप्सची कंडरा. स्नायू ताणला गेला की त्यातले सूक्ष्म संवेदक मेंदूला वर्दी देतात. सेकंदाला ७० ते १०० कंपनांनीही ते तसेच चेततात. बायसेप्स ताणला जातो तो हात सरळ होताना, म्हणून मेंदू तोच अर्थ लावतो. डोळे उघडले की नजरेची साक्ष वरचढ ठरते आणि भास ओसरतो.

गुडविन, मॅक्क्लोस्की आणि मॅथ्यूज यांनी १९७२ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. लॅकनर यांच्या १९८८ च्या प्रयोगात तर गंमतच झाली. नाक चिमटीत धरून बायसेप्सला कंप दिला, तेव्हा काहींना आपलं नाकच लांबतंय असं वाटलं! हात दूर चाललाय आणि नाक तर सुटलेलं नाही. मेंदूने हिशेब असा जुळवला.