नाताळच्या झाडासाठी टॅटिंगची चांदणी
हस्तकला पाठ



गेल्या वर्षी नाताळच्या विक्रीत आमच्या शिवणवर्गातल्या पाड्यावरच्या मुलींनी केलेल्या लेसच्या चांदण्या टेबलावर मांडल्या होत्या. एका बाईंनी चांदणी उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, “एवढ्याशा दोऱ्याचे इतके पैसे?” मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. मुलींकडून शिकण्याआधी मीही एका दुकानात अशाच लेसची घासाघीस केली होती, ते मला आठवले. म्हणून या अंकात चांदणी करण्याचा पूर्ण पाठ देत आहे. एक तरी स्वतःच्या हाताने करून पाहा, मग किमतीचे बोलू.

टॅटिंग म्हणजे काय?

क्रोशाची लेस सुईने ओढलेल्या फासांची असते, तर टॅटिंगची लेस गाठींची असते. छोट्या होडीसारख्या धोट्यावर दोरा गुंडाळून तो हातावरच्या दोऱ्याखालून-वरून फिरवतात. क्रोशाचे टोक ओढले तर काम उसवत जाते, टॅटिंग तसे उसवत नाही. म्हणून ही लेस वर्षानुवर्षे टिकते. पण त्याच कारणाने चूकही सहज सोडवता येत नाही. घाईचे हे काम नाही. इटालियन भाषेत या कलेला ‘कियाक्कियेरिनो’, म्हणजे गप्पिष्ट, असे गमतीचे नाव आहे. हात बसला की गप्पा मारता मारता खरेच होते, पण पहिला आठवडा तोंड बंद ठेवावे लागते!

साहित्य

२० नंबरचा पांढरा क्रोशाचा दोरा, टॅटिंगचा धोटा, क्रोशाची बारीक सुई, कात्री, शिवणाची सुई आणि काळ्या पोतीतल्या मण्यांएवढे काचेचे १८ मणी, लाल किंवा सोनेरी. मण्याच्या भोकातून दोरा सहज सरकतो का, हे आधी पाहा. दोऱ्याच्या टोकाला थोडे नेलपॉलिश लावून वाळू दिले, तर सुईशिवायच मणी ओवता येतात.

जोडगाठ

सगळी लेस या एकाच गाठीवर उभी आहे. दोऱ्याचे टोक डाव्या हाताच्या अंगठ्यात व पहिल्या बोटात धरा. दोरा बाकीच्या बोटांभोवती फिरवून पुन्हा त्याच चिमटीत आणा. धोटा उजव्या हातात घ्या.

पहिला अर्धा भाग: धोट्याचा दोरा उजव्या बोटांवर घ्या. धोटा डाव्या हातावरच्या ताणलेल्या दोऱ्याखालून न्या आणि वरून परत आणा.

दुसरा अर्धा भाग: आता धोटा त्याच दोऱ्याच्या वरून न्या आणि खालून, तयार झालेल्या फासातून, परत आणा.

खरी मेख इथेच आहे. प्रत्येक अर्ध्या भागाला डाव्या हाताची बोटे क्षणभर सैल सोडा आणि धोट्याचा दोरा ताठ ओढा. गाठ पालटते आणि धोट्याच्या दोऱ्यावरून हातावरच्या दोऱ्यावर जाते. मग बोटे पुन्हा ताणून गाठ चिमटीपर्यंत सरकवा. धोट्याचा दोरा सरळच राहिला पाहिजे आणि गाठी त्यावरून सरकल्या पाहिजेत. मी पहिल्या दिवशी वीस गाठी बांधल्या आणि कडे काही केल्या मिटेना. एकही गाठ पालटलेली नव्हती. आमच्या वर्गातली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, “बाई, हात सोडा ना जरा.” तिचे खरे होते. प्रत्येक दोन-तीन गाठींनंतर धोट्याचा दोरा ओढून पाहा. सरकत नसेल तर तिथेच थांबा, शेवटची गाठ सुईने सोडवा आणि पुन्हा बांधा.

पिको: साडीला पिको करतात ते नाव आपल्या ओळखीचे आहे. इथे पिको म्हणजे दोन जोडगाठींमधला छोटा फास. पुढची गाठ अर्धा सेंटीमीटर दूर बांधा आणि मग सरकवून भिडवा. मधला दोरा आपोआप वर उभा राहतो.

कृती

१. मधले कडे: धोट्यावर दीड मीटर दोरा घेऊन कापा. १ जोडगाठ, पिको, मग २ जोडगाठी व पिको असे पाच वेळा, शेवटी १ जोडगाठ. एकूण १२ जोडगाठी आणि ६ पिको होतील. धोट्याचा दोरा ओढून कडे मिटवा. दोन्ही टोके मागच्या बाजूला गाठ मारून कापा.

२. मणी ओवणे: आता गुंड्याच्या दोऱ्यात १८ मणी ओवा व ते गुंड्याकडे सरकवा. दोऱ्याचे मोकळे टोक धोट्यावर दोन मीटर गुंडाळा. दोरा कापू नका. धोटा एका बाजूला, गुंडा दुसऱ्या बाजूला आणि मणी गुंड्याच्या बाजूला असे दिसले पाहिजे.

३. पहिले छोटे कडे: धोट्याच्या दोऱ्याने ४ जोडगाठी करा. मधल्या कड्याच्या एका पिकोतून क्रोशाच्या सुईने हातावरचा दोरा फासासारखा वर ओढा, त्या फासातून धोटा काढा आणि हातावरचा दोरा पुन्हा ताणून फास बसवा. हा झाला जोड. त्याची गाठ मोजायची नाही. पुन्हा ४ जोडगाठी करून कडे मिटवा.

४. कमान: काम उलटे करा, म्हणजे कडे खाली येईल. आता गुंड्याचा दोरा डाव्या हातावर घ्या व करंगळीला वेढा देऊन धरा. त्यावर ३ जोडगाठी, पिको, ३ जोडगाठी करा. तीन मणी सरकवून शेवटच्या गाठीला भिडवा आणि लगेच पुढच्या ३ जोडगाठी बांधा. मग पिको आणि ३ जोडगाठी. धोट्याचा दोरा हलकेच ओढा, कमान वळेल. फार ओढू नका, नाहीतर चांदणी वाटीसारखी होते.

५. काम पुन्हा उलटे करून पुढचे छोटे कडे शेजारच्या पिकोला जोडा, मग कमान. असे सहा वेळा. शेवटी दोन्ही दोरे पहिल्या कड्याच्या तळाशी घट्ट बांधा आणि टोके शिवणाच्या सुईने गाठींत लपवा.

६. खळ: कॉर्नफ्लॉवरची दाटसर खळ शिजवून निववा. चांदणी तीत बुडवून हलके पिळा, प्लॅस्टिकच्या कागदावर टाचण्यांनी सहाही टोके ताणून बसवा आणि सावलीत वाळवा. टाचण्या न गंजणाऱ्या असाव्यात, गंजाचा डाग जात नाही. वरच्या पिकोत दोरा घालून झाडाला टांगा. नाताळ झाल्यावर चांदण्या कोरड्या डब्यात ठेवा. खळीला किडे येतात, म्हणून सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा.

आता हिशेब

मधल्या कड्याच्या १२, सहा छोट्या कड्यांच्या ४८ आणि सहा कमानींच्या ७२ अशा एका चांदणीत १३२ जोडगाठी असतात. म्हणजे धोटा २६४ वेळा फिरतो. हात बसल्यावर मला पाऊण तास लागतो. आठ तासांत फार तर दहा चांदण्या होतील. रोज ४०० रुपये धरला, तर एका चांदणीची नुसती मजुरी ४० रुपये झाली. दोरा, मणी, खळ आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यावर.

हा हिशेब मिशनच्या लोकांनी विशेष जपला पाहिजे, कारण भारतात लेसकामाचा इतिहास मिशनशी बांधलेला आहे. १८१९ मध्ये नागरकोविलला आलेल्या मॉल्ट दांपत्यापैकी मार्था मॉल्ट यांनी तिथल्या मुलींना लेस शिकवली. आंध्रातील नरसापूरलाही क्रोशाची लेस मिशनरींनीच रुजवली. हेतू चांगला होता, बायकांच्या हाती चार पैसे यावेत हा. पण पुढे नरसापूरचा माल व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जाऊ लागला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, घरी बसून तासन्‌तास लेस विणणाऱ्या बायकांना कामगार न म्हणता गृहिणी म्हटले गेले, आणि ‘फावल्या वेळेचे काम’ म्हणून त्यांच्या हाती फार थोडे पैसे पडले. कला शिकवली म्हणजे आपले काम संपले असे नाही. योग्य मोबदला मिळतो का, हे पाहणेही त्याच कामाचा भाग आहे.

याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात कामकऱ्यांच्या मजुरीविषयी काय लिहिले आहे, ते या पाठासोबत जरूर वाचावे.

महिला मंडळांनी एक संध्याकाळ ठरवून हा पाठ एकत्र करून पाहावा, आणि प्रत्येकीने आपल्या पहिल्या चांदणीला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहावे. यंदाच्या विक्रीत टेबलापाशी याल, तेव्हा तो कागद बरोबर असू द्या.

नाताळच्या शुभेच्छा!